कंपोनंटमधून बॉडीचे क्लास बदलताना: कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

ॲप रिॲक्ट १८ वर आहे (कंपोनंट नावाच्या तुकड्यांतून वेबपान बांधणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी). सगळं एका रूट डिव्हच्या (सगळ्यांना कवेत घेणाऱ्या एका डब्याच्या) आत रेंडर होतं, म्हणजे पानावर उमटतं. एचटीएमएल आणि बॉडी हे दोन टॅग त्याच्या बाहेर, म्हणजे रिॲक्टच्या हद्दीबाहेर राहतात. आणि नेमके त्यांनाच पाच ठिकाणांहून क्लास (ज्यावरून सीएसएसचे दिसण्याचे नियम लागतात ती नावं) लागतात: थीम, मोडल (पानावर उघडणारी चौकट) उघडल्यावर स्क्रोल थांबवणं, साइडबार मिटवणं, लॉगिन पानाची पार्श्वभूमी आणि छपाईचं दृश्य. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या माणसाने वेगळ्या पद्धतीने लिहिलंय.

तक्रारी दोन आहेत. मोडल बंद झाल्यावरही पान कधीकधी स्क्रोल होत नाही. आणि डार्क थीम निवडलेली असूनही पान उघडताना क्षणभर पांढरं चमकतं.

पहिला विचार असा होता की बॉडीला हात लावायचाच कशाला, रूट डिव्हलाच क्लास देऊ. करून बघितलं आणि लगेच गुंडाळलं. मोडल, टूलटिप, ड्रॉपडाउन हे सगळे पोर्टलमधून (घटक दुसऱ्या जागी नेऊन रेंडर करायची रिॲक्टची सोय) थेट बॉडीखाली जाऊन बसतात. रूट डिव्हवरची थीम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे काळ्या पानावर पांढराफटक मोडल उघडतो. शिवाय 'मोठा मजकूर' हा पर्याय आहे, आणि रेम हे माप एचटीएमएलच्या फाँट-साइजवरूनच ठरतं. तेव्हा वरच्या दोन टॅगना क्लास देणं भाग आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पूर्ण कोडमध्ये शोध घेतला. नमुने असे निघाले: एका ठिकाणी क्लास थेट रेंडरच्या ओघात लावलाय, एका ठिकाणी इफेक्टमध्ये (रेंडर झाल्यावर चालणारा कोड) लावलाय पण काढलेला नाही, दोन ठिकाणी क्लिकच्या हँडलरमध्ये (क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन) टॉगल केलाय, म्हणजे असेल तर काढा, नसेल तर लावा. लॉगिन पानाने तर बॉडीच्या क्लासनेमला (सगळे क्लास एकत्र असलेल्या मजकुराला) सरळ नवी स्ट्रिंग, म्हणजे नवा मजकूर, दिलीय आणि जाताना रिकामी स्ट्रिंग. हे सगळ्यात वाईट. बॉडीचा क्लास म्हणजे वर्गातला फळा. आपलं एक वाक्य लिहायला आधी अख्खा फळा पुसायचा नसतो.

स्क्रोल अडकण्याची तक्रार हाताने घडवता आली. मोडल उघडा, तो उघडा असतानाच ब्राउझरचं बॅक बटण दाबा. पान बदलतं, मोडल अनमाउंट होतो (पानावरून निघतो), पण टॉगल 'बंद करा' बटणाच्या हँडलरमध्ये असल्यामुळे ते चालतच नाही. क्लास बॉडीवर तसाच राहतो आणि नवं पान गोठतं. गंमत पुढे आहे: त्या गोठलेल्या पानावर दुसरा मोडल उघडला की टॉगल क्लास काढून टाकतं. म्हणजे मोडल उघडा असताना मागचं पान हलतं, आणि बंद केला की पुन्हा गोठतं. तक्रारीत 'कधीकधी' हा शब्द का होता ते कळलं.

ज्यांना टॉगल वापरायचंच आहे त्यांनी दुसरा आर्ग्युमेंट द्यावा. ट्रू दिला तर फक्त लावतं, फॉल्स दिला तर फक्त काढतं, उलटसुलट होण्याचा प्रश्नच उरत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

लॉगिन पान दुरुस्त केलं तरी थीमचा क्लास मधूनच गायब होत होता. कोण काढतंय ते कळेना. म्युटेशनऑब्झर्व्हर (टॅगमधले बदल कळवणारी ब्राउझरची सोय) लावला, फक्त क्लास ॲट्रिब्यूटवर. काय बदललं ते त्याने बरोबर सांगितलं, कोणी बदललं ते नाही. त्याचा कॉलबॅक (बदल कळल्यावर चालणारं फंक्शन) मायक्रोटास्कमध्ये, म्हणजे चालू कोड संपल्यावर, चालतो. तोपर्यंत ज्या फंक्शनने बदल केला त्याचा स्टॅक (कोणी कोणाला बोलावलं ती साखळी) संपलेला असतो. सकाळ यातच गेली.

खरा उपाय डेव्हटूल्समध्येच (ब्राउझरमधली डेव्हलपरची साधनं) आहे. एलिमेंट्स टॅबमध्ये बॉडीवर राइट क्लिक, 'ब्रेक ऑन', त्यात 'ॲट्रिब्यूट मॉडिफिकेशन्स'. मग ज्या ओळीने बदल केला तिथेच डीबगर थांबतो, पूर्ण स्टॅकसकट.

थांबला तो आमच्या कोडमध्ये नव्हेच. पानावर एक बाहेरचा चॅट विजेट आहे. लहान स्क्रीनवर तो उघडताना बॉडीची पूर्ण क्लास स्ट्रिंग जपून ठेवतो आणि मिटताना तीच परत चिकटवतो. मधल्या काळात कोणी थीम बदलली असेल तर ती जुन्यावर जाते. विजेटचा कोड आपल्या हातात नाही, त्यामुळे ही गोष्ट धरूनच पुढचं डिझाइन करायला हवं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला हुक (कंपोनंटमधून बोलवायचं फंक्शन) लिहिला. क्लासचं नाव घेतो, इफेक्टमध्ये क्लासलिस्टने (एकेक क्लास लावायची-काढायची ब्राउझरची सोय) लावतो, क्लीनअपमध्ये (कंपोनंट जाताना चालणारा इफेक्टचा भाग) काढतो. स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका उघड करणारा रिॲक्टचा मोड) डेव्हलपमेंटला इफेक्ट एकदा चालून, साफ होऊन, पुन्हा चालतो, त्यालाही हा हुक पुरून उरला. बॅक बटणाची तक्रार मिटली, कारण कंपोनंट कसाही गेला तरी क्लीनअप चालतोच.

टेस्टिंगला दिला आणि लगेच परत आला. फॉर्मचा मोडल उघडा आहे, त्यावर 'नक्की काढायचं का?' असा छोटा मोडल. छोटा बंद केला की त्याचा क्लीनअप स्क्रोल रोखणारा क्लास काढतो. मोठा अजून उघडाच आहे, पण मागचं पान मोकळं सुटलं.

कारण क्लासलिस्टला क्लास कितीजणांना हवा आहे हे ठाऊक नसतं. ॲड दोनदा केलं तरी क्लास एकच, आणि रिमूव्ह एकदा केलं की तो गेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोजणी आणली. मॉड्यूलच्या पातळीवर एक मॅप: क्लासचं नाव आणि तो सध्या कितीजणांनी धरलाय तो आकडा. 'धर' म्हटलं की आकडा वाढतो, शून्याचा एक झाला तरच बॉडीवर क्लास लागतो. 'सोड' म्हटलं की कमी होतो, एकाचा शून्य झाला तरच निघतो. 'धर' हे फंक्शन 'सोड' फंक्शन परत देतं, आणि इफेक्ट तेच क्लीनअप म्हणून परत करतो. हुक एवढासाच राहिला.

एक भोक राहिलं होतं. एका ड्रॉवरमध्ये 'सोड' बटणावरही बोलावलं होतं आणि क्लीनअपमध्येही. आकडा उणे एक झाला. पुढचा मोडल उघडला तेव्हा उणे एकचा शून्य झाला आणि क्लास लागलाच नाही. आता प्रत्येक 'सोड'मध्ये एक झेंडा आहे: एकदा सोडलं की पुढच्या हाकांना ते काहीच करत नाही.

पानांच्या ॲनिमेशनलाही मोजणीचा फायदा झाला. जुनं पान सरकत बाहेर जाताना अजून माउंटेड असतं, त्यामुळे त्याचा क्लीनअप नव्या पानाच्या इफेक्टनंतर येतो. दोन्ही पानांना एकच क्लास हवा असेल तर आधीच्या हुकमध्ये जाणारं पान येणाऱ्याचा क्लास ओढून नेत होतं.

इनपुटची साफसफाईसुद्धा आजच केली. क्लासलिस्टला मधे स्पेस असलेली स्ट्रिंग दिली तर ती इनव्हॅलिड-कॅरेक्टर एरर फेकते, रिकामी दिली तर सिंटॅक्स एरर. दोन्ही आमच्याकडे झाले. याहून वाईट म्हणजे ज्यात एरर येतच नाही ते: अट खोटी असली की फॉल्स पाठवणारी एक ओळ होती, आणि क्लासलिस्टने त्याची स्ट्रिंग करून 'फॉल्स' नावाचा क्लास इमानदारीने बॉडीला लावला. शेजारी 'अनडिफाइन्ड' नावाचाही होता. किती दिवसांपासून तिथे बसले होते कोण जाणे. आता हुक स्पेसवर तोडतो, स्ट्रिंग नसेल ते गाळतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

अहवालांच्या पानावर स्क्रोल थांबतच नाही. बॉडीवर क्लास आहे, ओव्हरफ्लो हिडन (मावत नाही ते लपवून स्क्रोल रोखणारा सीएसएस नियम) लागलेलं दिसतंय, तरी पान खुशाल हलतंय. मोजणीवर संशय घेऊन बराच वेळ भलतीकडे शोधत बसलो.

मोजणी ठीक होती, गडबड सीएसएसमध्ये होती. बॉडीवरचं ओव्हरफ्लो ब्राउझर उचलून व्ह्यूपोर्टला (पान दिसतं त्या खिडकीला) लावतो, पण एचटीएमएलचं स्वतःचं ओव्हरफ्लो व्हिजिबल असेल तरच. या पानासाठी कोणीतरी आडवा स्क्रोलबार लपवायला एचटीएमएलवर ओव्हरफ्लो-एक्स हिडन टाकलं होतं. त्यामुळे व्ह्यूपोर्टने एचटीएमएलचं ऐकलं आणि बॉडीचं हिडन बॉडीपुरतंच उरलं. बॉडीची उंची मजकुराएवढीच, मग तिथे लपवायला काही उरतच नाही.

स्क्रोलचा क्लास बॉडीवरून एचटीएमएलवर हलवला. 'धर'ला आता कोणत्या टॅगवर ते सांगता येतं.

ते होतं न होतं तोच दुसरं: स्क्रोलबार गेला की पूर्ण पान उजवीकडे उडी मारतं. मॅकवर काम करणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण तिथले स्क्रोलबार बहुधा मजकुराच्या वर तरंगतात. विंडोजवर ते जागा खातात. एचटीएमएलवर स्क्रोलबार-गटर स्टेबल (स्क्रोलबारची जागा राखून ठेवणारी सीएसएस प्रॉपर्टी) दिलं की उडी थांबते. ही प्रॉपर्टी एचटीएमएलवरच द्यायची. ओव्हरफ्लोसारखी ती बॉडीवरून व्ह्यूपोर्टकडे जात नाही, त्यामुळे बॉडीवर लिहिली तर काहीच होत नाही आणि एररही येत नाही. क्रोममध्ये ती ९४ पासून आहे, फायरफॉक्समध्ये ९७ पासून, सफारीत मात्र १८.२ पासून. जुन्या सफारीसाठी विंडोच्या इनरविड्थमधून एचटीएमएलची क्लायंटविड्थ वजा करून तेवढं उजवं पॅडिंग देतो. माप क्लास लावण्याआधी घ्यायचं. नंतर घेतलं तर स्क्रोलबार गेलेला असतो आणि उत्तर शून्य येतं. दोन्ही उपाय एकत्र लागले तर पान डावीकडे सरकतं, म्हणून ब्राउझरला ही प्रॉपर्टी येते का ते सीएसएस-सपोर्ट्सने आधी विचारून घेतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

छोटं काम. मोडल दिसतो आणि नंतर स्क्रोल थांबतो, मधे एखादी फ्रेम लुकलुकते. यूजइफेक्ट, म्हणजे आतापर्यंतचा इफेक्ट, साधारणपणे पेंट झाल्यावर (पडद्यावर रंगवून झाल्यावर) चालतो. यूजलेआउटइफेक्ट पेंटच्या आधी. बदलला, लुकलुक गेली. रिॲक्ट १८ सर्व्हरवर यूजलेआउटइफेक्ट दिसला की कन्सोलमध्ये कुरकुर करतो, म्हणून डॉक्युमेंट नसेल तिथे साधा यूजइफेक्ट घेतला.

रिव्ह्यूमध्ये प्रश्न आला की हेड टॅग सांभाळणारी तयार लायब्ररी बॉडीचे ॲट्रिब्यूटही घेते, मग स्वतःचं कशाला. बघितली. दोन कंपोनंटनी बॉडीचा क्लास मागितला तर ती जोडत नाही, आतल्याचा ठेवते आणि बाहेरच्याचा टाकते. आमचं दुखणं नेमकं तेच आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आता पांढरी चमक. ही कोणत्याच हुकने जाणार नाही, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं. सर्व्हरकडून एचटीएमएल येतं, ब्राउझर ते रंगवतो, मग जावास्क्रिप्ट उतरते, मग रिॲक्ट जागा होतो, मग इफेक्ट चालतो. तोवर पांढरं दिसून गेलेलं असतं.

हेडमध्ये एक छोटी इनलाइन स्क्रिप्ट टाकली. लोकलस्टोरेजमधून (साइटसाठी ब्राउझरमध्येच असलेला साठा) थीम वाचते, नसेल तर सिस्टिमची पसंती विचारते, आणि एचटीएमएलवर लिहिते. डिफर किंवा असिंक (स्क्रिप्टसाठी पार्सिंग थांबू न देणारे पर्याय) लावायचं नाही; तिने पार्सिंग अडवणं हेच तिचं काम. लोकलस्टोरेज ट्राय-कॅचमध्ये हवंच. साइटचा डेटा साठवायला बंदी असलेल्या ब्राउझरमध्ये त्याला नुसता हात लावला तरी एरर येते.

लोकलला (आपल्या मशीनवर) चाललं, स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) नाही. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीने (पानावर कोणता कोड चालू द्यायचा ते ठरवणारे नियम) इनलाइन स्क्रिप्ट अडवली. सर्व्हरकडून दर विनंतीला नवा नॉन्स (एकदाच वापरायची परवानगीची खूण) देऊन सोडवलं.

तरी चमक पूर्ण गेली नाही, फक्त रूप बदललं: आधी काळं, मग पांढरं, मग पुन्हा काळं. थीमच्या स्टेटची (रिॲक्ट लक्षात ठेवतो ती माहिती) सुरुवातीची किंमत 'लाइट' अशी कोडमध्ये ठोकलेली होती. स्क्रिप्टने डार्क लावलं, रिॲक्टने माउंट होताच स्वतःचं 'लाइट' त्यावर लिहिलं, मग स्टोरेज वाचून परत डार्क. आता स्टेट आपली पहिली किंमत एचटीएमएल टॅगवरूनच वाचतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाहेरच्या वापरकर्त्यांची काही पानं वेगळ्या फ्रेमवर्कवर आहेत. तिथे एचटीएमएल टॅगसुद्धा रिॲक्टच रेंडर करतो आणि अख्खं डॉक्युमेंट हायड्रेट होतं (सर्व्हरकडून आलेल्या पानाचा ताबा रिॲक्ट घेतो). तीच स्क्रिप्ट तिथे टाकली तर हायड्रेशनचा इशारा: सर्व्हरने पाठवलेला टॅग आणि समोर दिसणारा टॅग जुळत नाहीत. जुळणार नाहीतच, आपणच बदललाय. त्या टॅगवर सप्रेस-हायड्रेशन-वॉर्निंग दिलं. ते एका पातळीपुरतंच चालतं, खालच्या टॅगमधल्या खऱ्या चुका झाकत नाही, म्हणून ते टाकताना मन खात नाही.

यापेक्षा महत्त्वाचं: तिथे एचटीएमएलचा क्लासनेम एका प्रॉपवर (कंपोनंटला बाहेरून दिलेल्या किमतीवर) अवलंबून होता, भाषेप्रमाणे बदलणारा. भाषा बदलली की रिॲक्ट क्लासची पूर्ण स्ट्रिंग नव्याने लिहितो आणि स्क्रिप्टने लावलेली थीम पुसली जाते. चॅट विजेटचं दुखणं निराळ्या दाराने परत आलं.

दोन्हींवर एकच औषध केलं. थीम क्लासमध्ये ठेवणं बंद. एचटीएमएलवर डेटा-थीम असा वेगळा ॲट्रिब्यूट. क्लासची स्ट्रिंग कोणी कितीही पुसली तरी त्याला धक्का लागत नाही. सीएसएसमध्ये सिलेक्टर बदलले, बाकी सगळं तसंच. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर बरंच वाचलं असतं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रॉडक्शन बिल्डमध्ये साइडबारची रुंदी गायब. टॅगवर क्लास बरोबर आहे, सीएसएस फाइलमध्ये तो नियमच नाही. आमचं युटिलिटी सीएसएस (छोटे तयार क्लास बनवून देणारं साधन) सोर्स फाइल साधा मजकूर म्हणून चाळतं आणि जी नावं सापडतील तेवढीच बनवतं. आमच्या कोडात नाव 'साइडबार-' आणि पुढे व्हेरिएबल असं जोडून तयार होत होतं. पूर्ण नाव कुठे लिहिलेलंच नाही. पूर्ण नावांचा एक ऑब्जेक्ट करून त्यातून निवडलं.

याच जातीचं आणखी एक: लॉगिनची पार्श्वभूमी सीएसएस मॉड्यूलच्या फाइलमध्ये लिहिलेली. मॉड्यूल क्लासच्या नावाला शेपूट जोडतं, आणि आपण बॉडीवर बिनशेपटीचं नाव लावतो. ग्लोबल म्हणून गुंडाळलं, म्हणजे शेपूट लागत नाही.

टेस्टही फुटल्या. एका फाइलमधल्या सगळ्या टेस्ट एकच डॉक्युमेंट वापरतात. कंपोनंट अनमाउंट होतात, पण कोणी हाताने बॉडीवर लावलेला क्लास पुढच्या टेस्टमध्ये जातो. प्रत्येक टेस्टनंतर मोजणीचा मॅप रिकामा असल्याची तपासणी टाकली. तिने एका जुन्या टूर कंपोनंटमधली (ॲपची ओळख करून देणारा) गळती लगेच पकडली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मर्ज करण्याआधी (बदल मुख्य कोडात मिसळण्याआधी) क्लासची यादी पुन्हा वाचली आणि वाटलं, यातले निम्मे क्लास जावास्क्रिप्टने लावायची गरजच काय? सीएसएसचा हॅझ सिलेक्टर (आत काय आहे त्यावरून टॅग निवडणारा) सफारीत १५.४ पासून, क्रोममध्ये १०५ पासून आणि फायरफॉक्समध्ये १२१ पासून आहे, म्हणजे डिसेंबर २०२३ पासून तिन्हींकडे. 'ज्या एचटीएमएलच्या आत उघडा मोडल आहे, त्याचं ओव्हरफ्लो हिडन' हे सरळ सीएसएसमध्ये लिहिता येतं. इफेक्ट, क्लीनअप, मोजणी काहीच लागत नाही. एकावर एक दोन मोडल असोत की दहा, शेवटचा जाईपर्यंत नियम लागूच राहतो.

आमचे मोडल आता डायलॉग टॅगवर आहेत. शोमोडलने (डायलॉग मोडल म्हणून उघडणारं फंक्शन) मागचं पान क्लिक आणि फोकससाठी बंद होतं, पण त्याचा स्क्रोल थांबत नाही, म्हणून हा नियम तरीही लागतो. सिलेक्टर आधी 'ओपन ॲट्रिब्यूट असलेला डायलॉग' असा लिहिला, तर नुसत्या शोने उघडलेल्या सूचनापट्टीनेही पान गोठवलं; तीही डायलॉगच असते आणि तिलाही ओपन लागतो. 'मोडल' ही सूडो-क्लास वापरली, प्रश्न मिटला.

लॉगिनची पार्श्वभूमीही अशीच झाली: एचटीएमएलच्या आत लॉगिनचं कंपोनंट असेल तर हा रंग. सर्व्हरच्या पहिल्या पेंटपासून बरोबर दिसतो. छपाईचा क्लास तर काढूनच टाकला. प्रिंट मीडिया क्वेरीत सगळं बसत होतं, तो कोणी का लिहिला ते गिट हिस्टरीतही सापडलं नाही.

एचटीएमएलवर हॅझ लिहिलं की आत काहीही बदललं तरी ब्राउझरला ते तपासून पाहावं लागू शकतं. सगळ्यात मोठ्या तक्त्याच्या पानावर परफॉर्मन्स टॅबमध्ये स्टाइल रिकॅल्क्युलेशनची वेळ आधी-नंतर पाहिली. आमच्या पानांवर जाणवेल असा फरक नाही. तरी आतला सिलेक्टर नेमका ठेवावा, कोणत्याही बटणाला जुळेल असा ढोबळ नको.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मर्ज झालं. थीम, साइडबार आणि मोठा मजकूर हे तिन्ही एचटीएमएलवर डेटा ॲट्रिब्यूट म्हणून, तिन्ही हेडमधल्या स्क्रिप्टने पेंटच्या आधी लागतात. मोजणीचा हुक ज्याच्यासाठी एवढं झगडलो त्याला आता एकच गिऱ्हाईक उरलंय: तो जुना टूर कंपोनंट, जो डायलॉग वापरत नाही. ठेवलाय, ओळी थोड्याच आहेत.

ईएसलिंटमध्ये (कोड तपासणारं साधन) नियम टाकला: बॉडीच्या किंवा एचटीएमएलच्या क्लासनेमला थेट असाइनमेंट केली की बिल्ड थांबेल.

बाकी: दोन टॅब उघडे असताना एकात थीम बदलली तर दुसऱ्यात बदलत नाही. स्टोरेज इव्हेंट ऐकावा लागेल. तो ज्या टॅबने लिहिलं त्यात येत नाही, इतरांतच येतो, त्यामुळे लिहिणाऱ्या टॅबचा बदल आहे तसाच हाताने करत राहायचा. पुढच्या पीआरमध्ये (पुढच्या कोडबदलात).